भाड्याचं घर, एसीची खोली आणि दोन मांजरी: दाराला भोक न पाडता वाट कशी द्यायची?

दोनमांजरी, त्रिमूर्ती नगर

वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. ११ महिन्यांचा करार आहे, मालक खालीच राहतात, माणसं चांगली आहेत. बाकी घराला कुलर आणि एसी फक्त सासूबाईंच्या खोलीत, कारण त्यांना संधिवात आहे आणि कुलरची ओल सोसत नाही. दोन मांजरींतल्या चिमीला मात्र रात्री त्यांच्याच पायाशी झोपायचं असतं. मातीचा ट्रे मागच्या बाल्कनीत, पाण्याचं भांडं स्वयंपाकघरात, त्यामुळे रात्रभर तिची ये-जा. दार लावलं की ही आतून ओरडते आणि आमचा बोका गोट्या बाहेरून दार ओरबाडतो. उघडं ठेवलं तर गारवा जातो, वर कुलरचा दमटपणा आत शिरतो. शेवटी सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी उठून तिला दार उघडून देतात. त्या तक्रार करत नाहीत, पण मला ते पाहवत नाही.

दार जुनं सागवानी, मालकांच्या वडिलांनी करवून घेतलेलं. ते कापायचं मी विचारणारही नाही. दुसरं काही होऊ शकतं का? मांजर खोलीतच कोंडा असं कृपया सांगू नका. मे महिन्यात दुपारी लाइट गेली की बंद खोलीचं काय होतं हे नागपुरात कोणाला सांगायला नको.

मनीषनगरकर

दुकानांत एसीसाठी प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा लावतात, तो पाहा. स्प्रिंगचा दांडा चौकटीत दाबून बसतो, खिळा लागत नाही. पण पट्ट्या वजनदार असतात, दांडा मजबूतच घ्या. आमची मांजर सहज जाते. गारवा थोडा जातोच.

लकडगंजचा सुतार

ताई, सागवानी दाराला हात लावणार नाही म्हणालात, बरं वाटलं. तशी लाकडं आता परवडत नाहीत.

दार उतरवून ठेवा आणि त्या जागी साधं फ्लश डोअर, म्हणजे सपाट प्लायचं दार टांगा. भोक त्याला पाडायचं. बिजागऱ्या चौकटीवर तशाच राहू द्यायच्या, फक्त दाराकडच्या पात्याचे स्क्रू काढायचे. नवं दार त्याच बिजागऱ्यांवर बसवलं की चौकटीला एकही नवं छिद्र पडत नाही. जाडी जुन्या दाराएवढीच घ्या, नाहीतर कडी नीट लागत नाही. सागवानी दार जड असतं, उतरवताना दोन माणसं हवीत, आणि खाली विटा-पाचर देऊन वजन आधी पेलून घ्या, मगच स्क्रू सोडा. स्क्रू एका पुडीत बांधून त्याच दारासोबत ठेवा.

काढलेलं दार भिंतीला तिरपं टेकवून महिनोन्महिने ठेवू नका, बाक येतो. पलंगाखाली सपाट ठेवा, खाली सारख्या जाडीच्या पट्ट्या द्या. बाल्कनीत नको, कुलरजवळ तर अजिबात नको. पावसाळ्यात लाकूड फुगतं हे तुम्ही कोणत्याही दाराला पाहिलंच असेल.

फ्लश डोअर आतून पोकळ असलं तर भोकाच्या कडेने लाकडी पट्टी मारून घ्या. उघडी कड राहिली तर ओल शिरते. आणि ओरबाडलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, काढताना पॉलिशही निघतं.

धरमपेठची मालकीणबाई

मी घर भाड्याने देते म्हणून लिहिते. दार उतरवायच्या आधी खाली जाऊन मालकांना सांगा. मला राग दाराचा येत नाही, न विचारता केलेल्या गोष्टीचा येतो. दाराचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि "भाडेकरू जाताना मूळ दार पुन्हा बसवतील" एवढं एक वाक्य कागदावर घ्या, दोघांची सही करा. गोट्याने ओरबाडलंय ते त्याच वेळी दाखवा. डिपॉझिटचा वाद नंतर होत नाही.

दोनमांजरी, त्रिमूर्ती नगर

मालकांशी बोलले. दार त्यांनी स्वतःच्या खोलीत ठेवायचं कबूल केलं! सुतारभाऊ, भोक केवढं आणि किती उंचीवर? गोट्या चांगलाच रुंद आहे.

लकडगंजचा सुतार

पुठ्ठ्याला भोक पाडून पाहा. दारातल्या वाटेवर तो पुठ्ठा आडवा धरा, पलीकडे खाणं ठेवा. गोट्या न अडखळता गेला तर तेच माप. मापाची सुरुवात सहा-सात इंच रुंदीने करा. खालची कड त्याच्या पोटाच्या उंचीपर्यंत असावी, फार वर गेली तर म्हातारपणी उडी जड जाते. भोकावर लावायची झडप पारदर्शक घ्या, पलीकडचं दिसलं की मांजर भीत नाही. सुरुवातीला झडप दोऱ्याने वर बांधून ठेवा, ये-जा अंगवळणी पडली की सोडा.

एक राहिलंच. उन्हाळी वादळात दार आपटतं, त्यात शेपटी सापडते. नव्या दाराला जमिनीवरचा अडसर ठेवा. आणि बाहेरच्या खोल्यांत कुलर चालू असताना एखादी खिडकी उघडी राहू द्या. दमट हवेला वाट मिळाली की सासूबाईंच्या खोलीकडे ती कमी ढकलली जाते.

दोनमांजरी, त्रिमूर्ती नगर

पुठ्ठ्यातून चिमी लगेच गेली. गोट्यासाठी भोक थोडं वाढवावं लागलं. रविवारी दार येतंय.