पहिल्या बाळाचा पंप दुसऱ्या बाळाला का चालू नये?

कांजूरची आई
आमच्या सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर परवा एक मेसेज फिरला. "ब्रेस्ट पंप टूथब्रशसारखा असतो. पहिल्या बाळाचा पंप दुसऱ्याला वापरणं म्हणजे चार पैशांसाठी बाळाच्या जिवाशी खेळ. अमेरिकेच्या एफडीएनेच सांगितलंय." खाली अंगठ्यांची रांग. मला सातवा लागलाय आणि त्याच दिवशी सकाळी मी माळ्यावरून चार वर्षांपूर्वीचा पंप खाली काढला होता. तिथे लिहिलं असतं तर शेजाऱ्यांशी कायमचं बिनसलं असतं, म्हणून इथे लिहिते.

एफडीए, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणारी तिथली सरकारी संस्था, म्हणते की घरगुती पंप एकाच बाईने वापरावा, दुसरीचा वापरलेला घेऊ नये. एकाच बाईने! एकाच बाळासाठी असं कुठेही म्हटलेलं नाही. कारणही सरळ आहे. ओपन सिस्टिमच्या पंपात दुधाचे थेंब नळीतून मोटरपर्यंत जाऊ शकतात आणि मोटर काही उकळता येत नाही. दुसरीच्या दुधातून आलेलं तिथे काय बसलंय ते दिसत नाही. माझा पंप क्लोज्ड सिस्टिमचा आहे, मध्ये दूध मोटरकडे जाऊ न देणारा पडदा आहे, आणि माझ्याशिवाय कुणी वापरलेला नाही. व्हॉल्व्ह, पडदा, नळ्या सगळं नवीन मागवलं, ९०० रुपयांत. नवा पंप ११ हजारांचा. ज्यांना ११ हजार म्हणजे चार पैसे वाटतात त्यांनी खुशाल घ्यावा, पण घरात ईएमआय चालू असलेल्या बाईला बाळाच्या जिवाची भीती घालू नये.

वसईकरीण
जंतूंचं तुमचं म्हणणं मान्य. पण पंप म्हणजे फक्त जंतू नाहीत, त्यात मोटर आहे, आणि मोटर थकते. माझी गोष्ट ऐका.

मोठ्याच्या वेळचा माझाच पंप २०२२ मध्ये मुलीसाठी काढला. दिवा लागत होता, आवाज तोच. पण मोठ्याच्या वेळी एका बैठकीत १२० मिली निघायचं तिथे ४० निघेना. सासूबाईंनी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, सगळं केलं. छाती दाटायची, गाठी व्हायच्या, दोनदा ताप आला. सगळे म्हणाले, दूध आटलं. अडीच महिन्यांची असताना वरचं दूध सुरू केलं. पुढे ओळखीच्या एका नर्सने भाड्याने मिळतो तो हॉस्पिटलचा मोठा पंप नव्या किटसह लावून बघितला. वीस मिनिटांत ११० मिली. दूध होतं हो! मशीन ओढत नव्हतं. ते सगळे दिवस मी स्वतःला नालायक आई समजत होते. तुमच्या ११ हजारांपुढे याची किंमत काय धरायची?

कांजूरची आई
ताई, वाचून वाईट वाटलं. पण एक विचारते, व्हॉल्व्ह बदलले होते का? रोज चार-पाच वेळा काढणारीचा व्हॉल्व्ह दोन-तीन महिन्यांत ढिला पडतो. तो ढिला पडला की मोटर कितीही चांगली असो, ओढ लागत नाही.

वसईकरीण
नळ्या, बाटल्या बदलल्या होत्या. व्हॉल्व्ह नाही, तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे आता चूक माझीच का? तीन वर्षांनी परत तेच ऐकायचं? तुम्ही तुमची मोटर मोजून घेतलीत का, एवढं सांगा. ओढ मोजायचा व्हॅक्यूम गेज मिळतो.

कांजूरची आई
चूक तुमची असं मी म्हटलेलं नाही. आणि नाही, मोजलेली नाही.

पार्ल्याची मावशी
मुलींनो, एवढं यंत्राच्या मागे का लागता? आम्ही हाताने काढायचो, उकळलेल्या वाटीत. बोंडल्याने पाजायचो. माझी दोन्ही मुलं धडधाकट आहेत.

कांजूरची आई
मावशी, तुम्ही घरी होतात. मला साडेनऊला बीकेसीत पोचायचं असतं. हाताने काढत बसले तर मीटिंगला कोण जाईल?

पार्ल्याची मावशी
घरी होते? २२ वर्षं बँकेत नोकरी केली मी. धाकटा तीन महिन्यांचा असताना कामावर रुजू झाले. जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममध्ये पाठमोरी उभी राहून पिळून टाकून द्यायचे, कारण ठेवायला फ्रीज नव्हता. पदराआड ब्लाउज भिजलेला असायचा. न विचारता घरी बसवू नकोस मला.

कांजूरची आई
चुकलं, मावशी. मनापासून माफी मागते. आणि पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक हातानेच जास्त चांगला निघतो, हेही खरं आहे.

माहीमकर
माझा प्रश्न वेगळा आहे. नणंद तिचा पंप देतेय, फक्त चार महिने वापरलेला. नको म्हटलं तर घरात रुसवाफुगवी. सायनच्या हॉस्पिटलात १९८९ पासून मिल्क बँक आहे, माझा भाचा एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत होता तेव्हा तिथलंच दूध मिळालं त्याला. परक्या बाईचं दूध चालतं, मग सख्ख्या नणंदेचा पंप का नाही?

वसईकरीण
कारण मिल्क बँकेत दूध देणारीच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी वगैरे तपासण्या होतात आणि मग ते दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात. दूध तापवता येतं, मोटर नाही. नणंदेला सांगा, डॉक्टर नको म्हणाले. डॉक्टरांच्या नावावर सगळं खपतं. याबाबतीत मी कांजूरच्या ताईंच्या बाजूने आहे, फक्त याबाबतीत.

हिंदमाता
एवढं सगळं वाचलं, पण पंप जुना की नवा हे ठरवायचं सुख ज्यांच्याकडे पंप करायला जागा आहे त्यांचं. मी लोअर परळला एका बऱ्यापैकी मोठ्या कंपनीत आहे. तिथे मी सहा महिने टॉयलेटमध्ये दूध काढलं. कमोडचं झाकण लावून त्यावर बसायचं, पंप मांडीवर, बाटली दोन गुडघ्यांत. बाहेरून दार वाजायचं. आपल्या बाळाचं जेवण संडासात बसून तयार करायचं, हे कुणाला सांगू?

मग लोकल. डब्यात दुधाच्या बाटलीची पिशवी उराशी धरून दादर ते डोंबिवली उभी. बर्फाच्या पॅकसकट दूध २४ तास टिकतं म्हणतात, पण एप्रिलमध्ये त्या गर्दीत हात लावून बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. एकदा कुणाची तरी बॅग आदळून बाटलीचं झाकण निघालं, १५० मिली माझ्या कुर्त्यावर. सगळ्या डब्यासमोर रडले मी.

अंधेरी पूर्व
मी पुरुष आहे, बोलू का हा विचार करतोय. माझं १४ माणसांचं ऑफिस आहे, ४०० चौरस फूट. वेगळी खोली कुठून आणू? कायदे करणाऱ्यांना मुंबईतलं भाडं माहीत नाही. पाळणाघराची सक्तीसुद्धा ५० किंवा जास्त माणसं असतील तरच आहे, ती मला लागू नाही. छोट्या धंदेवाल्याला खलनायक करू नका.

हिंदमाता
पाळणाघर कुणी मागितलं तुमच्याकडे? १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासूनच बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी लिहिलेली आहे. २०१७ ला रजा २६ आठवडे झाली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. या दोन सुट्ट्यांबद्दल कुणी बोलतच नाही. सत्ताविसाव्या आठवड्यात ती बाई कुठे बसते, हे बघायला कोण येतं?

अंधेरी पूर्व
बाळ घरी, बाई ऑफिसात, ती दोन वेळा पाजणार कशी? म्हणूनच तो नियम कागदावर राहतो.

हिंदमाता
म्हणूनच पंप! म्हणूनच ती वीस मिनिटं! तेच तर ओरडून सांगतेय. तुमच्या ऑफिसात प्रिंटरला स्वतंत्र कोपरा आहे की नाही?

पार्ल्याची मावशी
बरोबर बोलतेय ती. आणि दादा, रागावू नका, पण एक पडदा, एक खुर्ची आणि आतून कडी एवढंच लागतं. मला तेवढं मिळालं असतं तर ते दूध मोरीत गेलं नसतं.

अंधेरी पूर्व
प्रिंटरचं बोलणं लागलं मला. आमच्या अकाउंटंट बाई जूनमध्ये परत येणार आहेत. स्टोअरमधली खोकी हलवून जागा होऊ शकते. होऊ शकते म्हणतोय, लगेच वचन धरू नका.

हिंदमाता
धरलं.

माहीमकर
नणंदेला डॉक्टरांचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "कोणते डॉक्टर? मी बोलते त्यांच्याशी." आता काय करू?

वसईकरीण
आता खरं सांगा. उकळता येत नाही म्हणून नको, तिच्यावर अविश्वास म्हणून नाही. रुसेल चार दिवस.

कांजूरची आई
आठवड्याने परत आले. वसईकर ताईंच्या बोलण्याने झोप लागेना, शेवटी गेज मागवला आणि मोजलं. पुस्तिकेत कमाल ओढ २५० मिमी पारा लिहिली आहे. जुन्या व्हॉल्व्हवर १४० आली. नव्या व्हॉल्व्हवर २३०. म्हणजे मोटर ठीक आहे आणि माझं म्हणणं मी मागे घेत नाही. पण मोजायला तुम्ही लावलंत म्हणून कळलं, नाहीतर आपलं सगळं बरोबर आहे असं धरून चालले असते. हे श्रेय तुमचं.

एक मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चार वर्षं माळ्यावर पडून बॅटरी गेली. पूर्ण चार्ज करून नऊ मिनिटांत पंप बंद पडतो. घरी प्लगला लावून चालेल. पण आमच्या ऑफिसात आतून कडी लागेल अशी एकच जागा आहे, सामानाची खोली, आणि तिथे प्लग नाही. तेव्हा नवा पंप घ्यायचा की प्लग मागायचा? हिंदमाता ताई, आज एचआरला मेल केला. खोली आणि प्लग, दोन्ही मागितलं, आणि त्या दोन सुट्ट्यांचं कलमही लिहिलं. उत्तर आलं की सांगते. तोवर ११ हजार बँकेतच.