जपानी बी२ वेगळं असतं

बी२ हे पोस्टरच्या कागदाचं एक ठरावीक माप. 'युरोपी बी२ ची तयार फ्रेम आणा, जपानी सामुराई सिनेमाचं पोस्टर बरोबर बसेल' असं कुणीतरी सुचवलं, ते पटलं नाही. ती फ्रेम साधारण ५० बाय ७०.७ सेंमीची. जपानी बी२ मात्र ५१.५ बाय ७२.८ सेंमी. फरक दीड-दोन सेंटीमीटरचाच, पण तेवढ्यात घात होतो. माझ्याकडच्या 'योजिंबो' या सामुराई सिनेमाच्या पोस्टरच्या रीप्रिंटची कड फ्रेमवाल्याने मला न विचारता पात्याने कापली आणि अगदी काठाशी असलेली उभ्या जपानी अक्षरांची ओळ अर्धी गेली. फार वाईट वाटलं, कारण त्या पोस्टरांत अक्षरं हा चित्राचाच भाग असतो.

आता मी स्वतः पट्टीने मोजते, चारही बाजूंनी माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) सोडून फ्रेम बनवून घेते. आणि चिकटवायचं नाहीच, मागून कागदी कोपऱ्यांत नुसतं अडकवायचं.