सॉलिसिटर व्हायचं आहे, नागभीडकडून (जि. चंद्रपूर) सुरुवात कुठून करायची?

धानपट्टा: नमस्कार मंडळी. धाकटी बहीण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावी रीतसर पास, प्रवर्ग ओबीसी. कोर्टात उभं राहून बोलण्यापेक्षा कागद तयार करण्यात तिला रस, म्हणून सॉलिसिटर व्हायचं म्हणते. इथल्या वकिलांना विचारलं तर ‘आपल्याकडे असं काही नसते’ म्हणतात, आणि यूट्यूबवर सगळं लंडनचं. मुंबईला जावंच लागते का? खर्च काय?

जुनी_तारीख: वकील चूक सांगत नाहीत. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ मध्ये वकिलाचा वर्ग ॲडव्होकेट हाच. सॉलिसिटर म्हणून वेगळी सनद मिळत नाही. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला (जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात) पूर्वी कागद ॲटर्नीने, म्हणजे सॉलिसिटरने, करायचे आणि बाजू दुसऱ्याने मांडायची अशी वाटणी होती. कायद्याने ती १९७० च्या दशकातच मोडली. नाव टिकलं ते बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संस्थेच्या परीक्षेमुळे. आधी सॉलिसिटरच्या हाताखाली ३ वर्षं आर्टिकलशिप (उमेदवारी), मग परीक्षा. नागपूर खंडपीठाकडे तसं मूळ दिवाणी अधिकारक्षेत्र नाही, म्हणून ही पद्धत इकडे रुजलीच नाही.

म्हणजे हो, परीक्षा द्यायची तर मुंबई. सॉलिसिटर नसलेल्या वकिलाकडे केलेली उमेदवारी आर्टिकलशिप म्हणून चालत नाही. निकालही कडक लागतो, आणि मिळणाऱ्या मानधनात मुंबईचं खोलीभाडं निघणं कठीण. मोठ्या फर्ममध्ये दस्त-कराराचं काम ही परीक्षा न देताही मिळते, हे आधी डोक्यात घ्या.

सनद_७५०: आधी एल.एल.बी. तर होऊ द्या बाप्पा. पदवीनंतरचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा. पदवीला ओबीसीला ४२ टक्के लागतात (खुल्याला ४५, एस.सी., एस.टी.ला ४०). ४१.८ म्हणजे ४२ नव्हे, तिथेच अर्ज बाद होतो. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, कारण बारावी झालेली आहे. बारावी न करता मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमावरून थेट पदवी घेतलेल्यांना मात्र बार कौन्सिलच्या नियमाने प्रवेश नाही. तिची बारावीची गुणपत्रिका हाताशी ठेवा.

प्रवेशाची सी.ई.टी. मराठीतूनही देता येते, इंग्रजीचा भाग सोडून. उणे गुण नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नये. आपल्याकडची पोरं अडतात ती पेपरात नाही, कागदात. नॉन-क्रिमिलेअर मुदतीतलं लागते आणि जात पडताळणी वेळ खाते, तेव्हा निकालाची वाट न पाहता आताच अर्ज टाका. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर. कॉलेज चंद्रपूरचं शांताराम पोटदुखे किंवा नागपूरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर धरा. हजेरी ७० टक्के लागते, म्हणून गावी राहून फक्त परीक्षेला जाऊ हा बेत नको.

पास झाल्यावर महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची सनद. जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे नोंदणी फी ७५० रुपयेच (एस.सी., एस.टी.ला १२५), मुद्रांक वेगळा. मग अखिल भारतीय बार परीक्षा: १०० प्रश्न, मूळ कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतात पण टिपणं नाही, पास व्हायला ओबीसीलाही ४५ टक्के. आणि हो, सनद चालू असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही.

धानपट्टा: मुंबई घरून झेपणार नाही असं दिसते. मग कागदाचं काम इकडे राहून शिकता येते का?

खसरा_पांदण: येते. सॉलिसिटरच्या कामाचा मोठा भाग म्हणजे मालकी तपासणं आणि दस्त लिहिणं, आणि आपल्या भागातल्या जमिनीइतके गुंते मुंबईच्या फ्लॅटमध्ये नसतात. बँकेसाठी सर्च रिपोर्ट (मालकी तपासल्याचा अहवाल) साधारण ३० वर्षांचा करतात. सातबारा पाहून थांबलं की फसलं. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची जुनी नोंद) काढायचा, तिथून आजपर्यंतचे फेरफार एकामागे एक लावायचे, कोणत्या वारसानात बहिणीची नावं सुटली ते पाहायचं, मग सब-रजिस्ट्रारकडे सूची २ (नोंदवलेल्या दस्तांची सूची) तपासायची. ई-सर्चवर (दस्त ऑनलाइन शोधायची सोय) खेड्यातले जुने दस्त सगळे सापडत नाहीत, कचेरीत जावंच लागते.

भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसला की परवानगीचा आदेश मागायचा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे गेली असेल तर जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी होती का, हे महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ खाली पाहायचं. झुडपी जंगलाचा शेरा असेल तर तिथेच हात थांबवायचा: मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जमीन वनच धरली आहे.

तिला आत्तापासून घरच्याच जमिनीच्या गटाचा असा कागदी इतिहास लावायला सांगा. सोबत एक मराठी विक्रीपत्र घेऊन त्याचा इंग्रजी मसुदा करायचा. चतु:सीमा, मोबदला, ताबा, बोजा यांपैकी एकही सुटता कामा नये. इंग्रजी मसुदा कच्चा असला की मुंबई काय नागपूरच्या बऱ्या चेंबरमध्येही नुसत्या तारखा घ्यायला पाठवतात.

जुनी_तारीख: लंडनचं राहिलं. तिथे २०२१ पासून एस.क्यू.ई. नावाची परीक्षा दोन टप्प्यांत होते, शिवाय २ वर्षांचा कामाचा अनुभव. भारतीय पदवी चालते, पण ती इंग्लंड-वेल्सची सनद. तिच्यावर नागभीडच्या दिवाणी कोर्टात वकालतनामा टाकता येत नाही, त्याला इथलीच सनद लागते.