रोज चेहऱ्याला लावायचे क्रीम : तुम्ही कसे निवडले?

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण

गणपतीसाठी घराची झाडलोट करताना आईच्या फडताळात काचेची एक जाड, पांढरट बरणी हाती लागली. आत मंगळसूत्रातून सुटलेले काळे मणी होते, पण झाकण फिरवताच मला स्नोचा, म्हणजे चेहऱ्याला लावायच्या पांढऱ्या क्रीमचा, मंद, गोडसर वास आला, किंवा आल्याचा भास झाला. ही अफगाण स्नोची बरणी होती. हे स्नो 1919 साली मुंबईत निघाले आणि आमच्या घरात ते केवळ लग्नकार्याला बाहेर येत असे. आधी स्नो, वरून पावडर, आणि मग मानेचा रंग एक नि तोंडाचा दुसरा. एरवी वर्षभर आई चेहऱ्याला काहीही लावत नसे. फक्त पौष-माघात मतलई वारे सुटून गाल तडतडू लागले, की मुठेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या चरबीचा, गोळा निखाऱ्याजवळ धरून बोटभर चोळायची.

माझ्या स्वतःच्या कपाटात आज अकरा अर्धवट वापरलेल्या डब्या आणि नळ्या आहेत. त्यांतल्या दोन गोरेपणाच्या आशेने घेतल्या होत्या, तीन इतक्या चिकट निघाल्या की कुडाळला नोकरीवर पोहोचेपर्यंत चेहऱ्यावर रस्त्याची धूळ बसायची, एक लावल्यावर भगभगते आणि उरलेल्या का घेतल्या हे आता आठवतही नाही. जाहिराती आपण सगळेच पाहतो. मला हे जाणून घ्यायचे आहे, की आपल्या या दमट, खाऱ्या हवेत तुम्हाला रोजच्या वापरासाठी कोणत्या प्रकारचे क्रीम खरोखर उपयोगी पडले आणि ते उपयोगी पडते आहे हे तुम्ही कशावरून ठरवले.

हापूसवाला

या विषयावर मी लिहितो आहे हे पाहून घरचे हसत आहेत, तरीही लिहितो. देवगडला आमची कलमे आहेत. सलग तीन वर्षे एप्रिल उजाडला की माझ्या उजव्या गालावर आणि कानाखाली लाल, खाजरे चट्टे उठत आणि मग काळे डाग राहत. दाढीनंतर लावायच्या क्रीमचा हा दोष आहे असे ठरवून मी चार क्रीमे बदलली. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी क्रीमचे नावही न विचारता मी काम काय करतो ते विचारले. देठ तुटताना आंब्याचा जो चीक उडतो त्याने हे होत होते. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे आहेत, त्यामुळे काजूच्या टरफलाचे तेल लागून हात भाजणाऱ्या माणसाला आंब्याच्या चिकाचाही त्रास होऊ शकतो, असे त्यांनी सांगितले. देठासकट फळ उतरवणारा नूतन झेला वापरू लागल्यापासून आणि काम संपताच तोंड साबणाने धुऊ लागल्यापासून तेच जुने क्रीम मला उत्तम मानवते आहे. सांगायचे एवढेच, की क्रीमला दोष देण्याआधी आपला हात दिवसभर कशाला लागतो ते पाहावे.

खाडीपलीकडची

हापूसवाले काका, आमच्याकडे काजू भाजणाऱ्या बायकांचे हात पाहिले की तुमचे म्हणणे पटते. त्या राखेने हात माखून घेतात, पण घाम पुसताना तोच हात कपाळाला लागतो.

चिपळूणचा औषधविक्रेता

ताई, मी 31 वर्षे औषधांच्या दुकानात उभा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ‘कोणते क्रीम चांगले’ असे विचारणाऱ्या दहा जणांपैकी आठ जणांना खरे म्हणजे ‘कोणत्या क्रीमने लवकर उजळ होईन’ हे विचारायचे असते. आठ दिवसांत चेहरा उजळ आणि तुकतुकीत करणाऱ्या क्रीमची मला सर्वांत जास्त भीती वाटते. त्यात बहुधा स्टेरॉइड असते. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचे मिश्रण डॉक्टर वांगासाठी ठरावीक दिवस देतात आणि तिथे ते योग्यच असते. परंतु शेजारणीच्या चिठ्ठीवरचे नाव वाचून तीच नळी वर्षानुवर्षे रोजचे क्रीम म्हणून लावली, की त्वचा पातळ होते, खालच्या लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे आणि लव वाढते, आणि बंद करताच चेहरा असा पेटतो की माणूस घाबरून पुन्हा तीच नळी मागायला येतो. 2018 साली सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी मागणारे येतातच. ओळखायची साधी खूण अशी, की नळीवर उभी लाल रेघ आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरण्याची सूचना असेल तर ते सौंदर्यप्रसाधन नाही, औषध आहे.

दुसरा प्रकार त्याहून वाईट आहे. उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, घटकांची यादी नाही, अशा परदेशी दिसणाऱ्या डब्या बाजारात येतात. त्यांत पारा असू शकतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात 2023 मध्ये अशा क्रीमांमुळे मूत्रपिंडाचे विकार झालेले रुग्ण आढळले होते. क्रीम चेहऱ्याला लावले आणि पायांवर सूज आली, तर त्या दोन गोष्टींचा संबंध कोण जोडणार?

रोजच्या वापराचे म्हणाल, तर किंमत बाजूला ठेवून घटकांची यादी वाचावी. जास्त प्रमाण असलेला घटक आधी लिहिलेला असतो. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, तर पेट्रोलियम जेली, मेण आणि डायमेथिकोन ते उडू देत नाहीत. आपल्याकडे जूनपासून हवेतच इतका ओलावा असतो, की तेलकट चेहऱ्याला जाड थर नकोसा होतो आणि पाण्यासारखे पातळ लोशन किंवा जेल पुरते. घाटावर लेकीकडे पुण्याला जाताना मात्र जाड क्रीम न्यावे. दुकानातल्या थंडगार हवेत हातावर लावून पाहिलेले क्रीम आवडते आणि बाहेर पडून रिक्षात बसेपर्यंत ते ओघळू लागते, हे मी रोज पाहतो.

खाडीपलीकडची

औषधवाले काका, तुम्ही लिहिले आहे त्यातून मी स्वतः गेले आहे. लग्न ठरल्यावर एका पार्लरमध्ये मला बिननावाच्या पांढऱ्या डबीत क्रीम भरून दिले. पंधरा दिवसांत सगळे गाव विचारू लागले, की चेहऱ्याला काय लावतेस. मी ते दोन वर्षे लावले. पुढे चुलीसमोर उभे राहिले तरी तोंड भाजल्यासारखे होई, आणि उन्हात तर डोळ्यांत पाणी येई. थांबवल्यानंतरचे दोन महिने मी आरशात पाहणे टाळत होते. त्वचारोगतज्ज्ञांनी टप्प्याटप्प्याने ते सोडवले, बिनवासाचे एक साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढेच ठेवले, आणि चेहरा ताळ्यावर यायला आठ महिने लागले. सासूबाई त्या काळात एकदाही ‘काळवंडलीस’ म्हणाल्या नाहीत, हे मला आजही विसरता येत नाही.

नवी आई

ताई, तुमचे वाचून अंगावर काटा आला. मला सहाव्या महिन्यात दोन्ही गालांवर वांग आले. घरातून लिंबू, जायफळ, कच्चे दूध असे उपाय सुरू झाले आणि लिंबाने तर गाल सोलवटून निघाले. डॉक्टरांनी सांगितले, की गरोदरपणात हे अनेकींना होते आणि उन्हाने ते गडद होते, म्हणून तूर्त सनस्क्रीन आणि रुंद काठाची टोपी पुरे. रेटिनॉल असलेले रात्रीचे क्रीम मी आधी वापरत असे, ते त्यांनी लगेच बंद करायला लावले. बाळ आता दहा महिन्यांचे आहे. डाग निम्म्याने फिके झाले आहेत, पूर्ण गेलेले नाहीत. बाळ उठले, बाकीचे नंतर लिहिते.

दर्यावर्दी

हर्णैला आमची होडी आहे. सनस्क्रीन हा बायकांचा विषय आहे असे मीही मानत असे. उन्हात कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे 15 टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे 25 टक्के परत फेकतो, हे मुलीने मला दाखवले, तेव्हा टोपी घालूनही हनुवटी आणि नाकाचा खालचा भाग का करपतो हे कळले. पहिल्या दिवशी मी झिंक असलेले सनस्क्रीन लावून होडीवर गेलो, तर आमचा मालवणी तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणाला, “दशावतारात राजाचा सोंग घेतलंस काय रे?” तरीही मी ते सोडले नाही. पन्नास एसपीएफचे, पाण्याने लगेच न जाणारे आहे. दर दोन तासांनी पुन्हा लावावे असे त्यावर लिहिले आहे, पण जाळे ओढताना ते कोणाला जमणार? मी निघताना आणि डबा खाण्याआधी असे दोनदा लावतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदीच्या काळात घरी असतो, तेव्हा लावत नव्हतो. मुलीने तेव्हाही लावायला सांगितले, कारण ढगांतूनही किरणे येतात.

नेपथ्यामागचा

दर्यावर्दी भाऊ, राजाचे सोंग माझा धाकटा भाऊ खरोखरच घेतो. रात्रभर चेहऱ्यावर रंग असतो आणि पहाटे तो खोबरेल तेलाने उतरवतो. पूर्वी वरून कपड्याच्या साबणाने तोंड खसखसून धुवायचा आणि मग कोरड्या पडलेल्या गालांसाठी महागडे क्रीम आणायचा. आता सौम्य फेसवॉश वापरतो आणि ओलसर चेहऱ्यावरच साधे लोशन लावतो. महागड्या क्रीमची गरजच संपली.

पहिल्या बाकावरचा

मी रत्नागिरीला कॉलेजात शिकतो. आजीने नारळाचे दूध आटवून काढलेले तेल, म्हणजे आवेल, ‘यापेक्षा शुद्ध काय असणार’ म्हणून रोज रात्री चेहऱ्याला लावायला सांगितले. महिन्याभरात कपाळ पुटकुळ्यांनी भरून गेले. शुद्ध असण्याचा आणि छिद्रे न बुजवण्याचा काही संबंध नाही, हे आजीला समजावणे अवघड होते. आता मी ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे छिद्रे न बुजवणारे, असे लिहिलेले जेल लावतो, त्यात नायसिनमाइड आहे. पुटकुळ्या कमी व्हायला अडीच महिने लागले. पहिल्या दोन आठवड्यांत मी ते फेकून देणार होतो. आवेल मी आता केसांना लावतो, त्यामुळे आजीचा रुसवाही गेला आहे.

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण

पहिल्या बाकावरच्या, तुझी आजी आणि माझी आई एकाच शाळेतल्या दिसतात. मुठेलाबद्दल कोणी सांगेल का? ते चेहऱ्याला रोज लावावे की नाही?

रातांबीखालची

आमच्याकडे दापोलीत अजून घरी मुठेल होते. रातांब्याच्या बिया उन्हात खडखडीत वाळवून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या आणि वर आलेली चरबी निवल्यावर मुठीत दाबून गोळे करायचे. हे घरातल्या हवेत घट्टच राहते, म्हणून लावण्याआधी ऊब द्यावी लागते. फुटलेल्या टाचा आणि थंडीत फाटलेले ओठ यांना यासारखे दुसरे काही नाही. आईंनी ते पौष-माघात लावले यात सगळे आले. भर श्रावणात चेहऱ्यावर लावाल तर घाम आणि मुठेल यांचा नुसता लेप होईल. शिवाय घरच्या गोळ्यात धुराचा वास असतोच. बाजारातल्या क्रीमच्या यादीत ‘गार्सिनिया इंडिका सीड बटर’ असे दिसले, तर ते आपले मुठेलच आहे. परवा मुंबईच्या एका नातलगाने मला त्याची इवलीशी डबी भेट म्हणून आणून दिली.

चिपळूणचा औषधविक्रेता

रातांबीखालच्या ताईंचे उत्तर मला आवडले. माहेरवाशीण ताई, त्या अकरा डब्यांचे काय केलेत?

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण

काल सगळ्या ओटीवर मांडल्या. उघड्या डबीचे एक लहान चित्र आणि त्यात ‘12 एम’ असे लिहिलेले प्रत्येकीवर सापडले. उघडल्यापासून बारा महिने, असा त्याचा अर्थ आहे हे मला या वयात कळले. त्या हिशेबाने सात गेल्या. त्यांतल्या एका डबीत बोटे घालून घालून पावसाळ्यात बुरशी धरली होती, म्हणून यापुढे नळी किंवा पंपाची बाटलीच घ्यायची असे ठरवले. भगभगणारीही टाकली. उरलेल्या तिनांपैकी एक पातळ लोशन आहे. त्याचे नाव सांगत नाही, कारण माझी त्वचा तुमची नव्हे. ते लावल्यावर तासाभरात मी काही लावले आहे हे विसरते आणि संध्याकाळी गाल ओढल्यासारखे होत नाहीत, एवढ्यावरून ते ठेवले. काका, नवे सनस्क्रीन घेतले आहे, ते थेट चेहऱ्यावर लावू का?

चिपळूणचा औषधविक्रेता

नको. कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा असे आठवडाभर लावून पाहा. खाज किंवा लाली आली नाही, तर चेहऱ्याला लावा. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढे लागते. आपण सगळे वाटाण्याएवढे लावतो आणि मग उपयोग झाला नाही म्हणून दुकानदाराशी भांडतो.

नवी आई

बाळ झोपले. दोन बोटे हे प्रमाण ऐकून माझी नळी तीन आठवड्यांत का संपते हे नवऱ्याला आत्ताच दाखवले.

हापूसवाला

माझी नळी गाडीच्या काचेखाली ठेवलेली असते. परवा झाकण उघडले तर पाणी वेगळे आणि तेल वेगळे बाहेर आले. ती हलवून वापरावी का?

चिपळूणचा औषधविक्रेता

मुळीच नाही. टाकून द्या आणि नवी नळी आंब्याच्या अढीइतक्या सावलीत ठेवा.