जुन्या धाटणीचे नवे गेम मुलांना का आवडतात?

पारिजात:
माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याच्या संगणकावर अद्ययावत गेम सहज चालतात, तरीही तो सध्या 'शॉव्हेल नाइट'मध्येच रमलेला आहे. हा गेम २०१४ सालचा असला, तरी दिसतो १९८० च्या दशकातल्या निन्टेंडोसारखा. टीव्हीला जोडायच्या यंत्रात कॅसेट घालून आम्ही मारिओ आणि काँट्रा खेळलो, त्यामुळे आम्हाला अशा चित्रांची ओढ वाटणे साहजिक आहे. पण ज्याने ते यंत्र पाहिलेलेच नाही, त्याला कसले आले स्मरणरंजन? जाणकारांनी कृपया सांगावे.

आडवी ओळ:
माझ्या मते हे केवळ स्मरणरंजन नाही. निन्टेंडोच्या त्या आठ-बिट यंत्रावर पडद्याच्या एका आडव्या ओळीत आठपेक्षा अधिक स्प्राइट (पात्रे, गोळ्या अशी हलणारी छोटी चित्रे) दिसू शकत नसत, त्यामुळे शत्रूंची गर्दी झाली की चित्रे लुकलुकू लागत. 'शॉव्हेल नाइट'च्या निर्मात्यांनी ही लुकलुक काढून टाकली, चित्र आजच्या रुंद पडद्याला साजेसे केले आणि मूळ रंगांत अगदी मोजक्या नव्या रंगांची भर घातली. संगीतासाठी संगीतकार जेक कॉफमन यांनी कोनामी या गेम कंपनीच्या त्या चिपचा आधार घेतला, जी जपानी कॅसेटींमध्ये मूळ यंत्राच्या आवाजांना आणखी तीन आवाजांची जोड देत असे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी शिक्षेची पद्धत बदलली. जुन्या गेममध्ये तीन जीव संपले की बहुधा सगळे पहिल्यापासून खेळावे लागे. इथे जीव मोजलेच जात नाहीत. मेल्यावर काही सोने सांडते आणि ते परत मिळवायचे तर त्याच जागी पुन्हा पोहोचावे लागते. वाटेतले चेकपॉइंट (मेल्यावर जिथून खेळ पुन्हा सुरू होतो त्या खुणा) फोडून जास्तीचे धनही घेता येते, मात्र मग मेल्यावर बरेच मागे जावे लागते. किती धोका पत्करायचा हे खेळणाराच ठरवतो, आणि हे आवडण्यासाठी जुन्या आठवणींची मुळीच गरज नाही.

खडा चढ:
वरील मताशी सहमत आहे; त्यात चित्रांच्या स्पष्टतेची भर घालतो. २०१८ चा 'सेलेस्ट' पाहा. नायिका मॅडलिनचे केस एरवी लाल असतात आणि हवेत झेप घेतली की निळे होतात. ते पुन्हा लाल होईपर्यंत दुसरी झेप मिळत नाही. कोपऱ्यात वेगळा निर्देशक ठेवण्याची गरजच उरत नाही, कारण नजर जिथे खिळलेली असते तिथेच उत्तर असते. पडद्यावर मोजक्याच गोष्टी असल्या की प्रत्येकीला काम नेमून देता येते. या गेमचे पहिले रूप पिको-८ या मुद्दाम मर्यादा घातलेल्या, संगणकावरच चालणाऱ्या काल्पनिक गेम-यंत्रावर चार दिवसांत तयार झाले होते आणि तिथे पडदा अवघा १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा असतो.

कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारता येण्याची सवलत त्यात आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, पण बोटांना जाणवते. जुन्या गेममध्ये अशी उदारता क्वचितच असे.

धूसर काच:
स्मरणरंजन इतके सहज बाजूला सारू नये, असे मला वाटते. 'मेगा मॅन ९' हा २००८ चा गेम मुद्दाम आठ-बिट शैलीत केला गेला आणि त्यात जुनी लुकलुक हवी असल्यास चालू करण्याची सोयही दिली गेली. ती सोय जुन्या खेळाडूंसाठीच होती. तसेच, आज आपण 'रेट्रो' म्हणून जे धारदार चौकोन पाहतो, ते त्या काळी तसे दिसतच नसत; जाड काचेच्या टीव्हीवर शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळत आणि त्या काळचे अनेक चित्रकार हे लक्षात घेऊनच छटा भरत.

ही शैली निवडली की काम सोपे होते, हाही गैरसमज आहे. 'स्टारड्यू व्हॅली'ची चित्रे, संगीत आणि प्रोग्रॅमिंग एरिक बॅरोन यांनी एकट्याने केले, आणि २०१६ मध्ये गेम बाहेर येईपर्यंत त्यांची चारहून अधिक वर्षे त्यात गेली. नुसते ठिपके मोठे करून काढलेले गेमही बाजारात पुष्कळ आहेत. त्यांत उडीला वजन नसते आणि शत्रू कुठून येणार याचा अंदाज बांधता येत नाही.

पारिजात:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. भाचा कुठे अडतो यापेक्षा तो कोणते चेकपॉइंट फोडतो हे मी आता पाहणार आहे. 'सेलेस्ट' त्याला फार अवघड जाईल का?

खडा चढ:
अवघड आहे, पण त्यातील असिस्ट मोडमध्ये खेळाचा वेग कमी करता येतो. सुरुवात मूळ वेगानेच करू द्यावी आणि खरोखरच अडला, तरच ती सोय दाखवावी.