शेवटचे दहा दिवस : सोसायटीचा ग्रुप, लातूर

ए-२०२ वहिनी : लेकीचे युगांडातले दहा दिवस राहिले. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या शाळांतल्या पोरांचं बिल्हार्झियाचं (गोड्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या कृमींचा आजार) सर्वेक्षण आहे तिचं. दोन गावं बाकी आहेत, घाईनं उरकू का म्हणतीय. जाणत्यांनी सांगा.

बी-१०४ काका (आरोग्य खातं, निवृत्त) : वहिनी, नवं गाव धरू नका म्हणावं. नमुना घेतलेल्या लेकराला निदानानंतर औषध मिळालंच पाहिजे. प्राझिक्वान्टेल किलोला ४० मि.ग्रॅ., गोळी ६०० ची. म्हणजे ३० किलोच्या पोराला दोन गोळ्या, जेवल्यावर, समोर गिळायला लावून. उपाशीपोटी मळमळ-उलटी जास्त होते, आणि उलटीत गोळी पडली की मात्रा वाया. निघायच्या आदल्या दिवशी रिपोर्ट आला तर हे कोण बघणार? अपुरी नमुनासंख्या प्रबंधात स्पष्ट लिहिता येते.
आपल्या आशाताईंसारखे तिथे गावोगावी व्हीएचटी (गावातले आरोग्य स्वयंसेवक) असतात. औषध राहिलेल्या पोरांची यादी त्यांच्या आणि आरोग्य केंद्राच्या हातात देऊन पोच घ्यावी.

सी-३०१ ताई (लॅब) : काटो-कॅट्झच्या (शौचाच्या नमुन्यातली कृमींची अंडी मोजायची पद्धत) काचा आहेत ना? दहा टक्के काचा दुसऱ्या वाचणाऱ्यानं, पहिला आकडा न बघता मोजायच्या. पण जुन्या काचांवर हुकवर्मची (अंकुशकृमीची) अंडी पुन्हा मोजू नका. ग्लिसरीननं ती अंडी तासाभरात पारदर्शक होऊन दिसेनाशी होतात, मग "निगेटिव्ह" खोटं निघतं. मॅन्सोनीची (बिल्हार्झियाच्या कृमीची) अंडी टिकतात, तीच ताडायची.
नमुना मोजायचा साचा ४१.७ मि.ग्रॅ.चा असेल तर एका काचेवरची अंडी गुणिले २४, हा एका ग्रॅमचा आकडा. रजिस्टरात कच्ची मोजणी आणि गुणाकार एकाच रकान्यात मिसळलेत का, ते आजच बघायला सांगा. इथे आल्यावर ते सुटत नाही.

ए-४०३ दादा : फोनवरच्या कोबो ॲपमध्ये फॉर्म भरतात ना? "पाठवायला तयार" म्हणजे पाठवलेला नव्हे. ॲप काढलं किंवा फोन रिसेट केला की न पाठवलेले फॉर्म गेले. प्रत्येक फोनमधले ड्राफ्ट उघडून बघा, मग सर्व्हरवरचा आकडा आणि वहीतला आकडा गावनिहाय जुळवा. फरक निघाला तर गणक अजून तिथेच आहेत, विचारता येतं. नावांची यादी आणि सांकेतिक क्रमांकांची फाइल एका पेनड्राइव्हवर नको.

ए-२०२ वहिनी : आणि तिची तब्येत? होडीत चढताना रोज पाण्यात उतरायची.

डी-१०१ डॉक्टर : मग तिचीही तपासणी लागेल, पण उतरल्या उतरल्या नको. पाण्याचा शेवटचा संबंध आल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी. आधी केली तर संसर्ग असूनही निगेटिव्ह येऊ शकते.
मलेरियाची कोणती गोळी चालू आहे?

ए-२०२ वहिनी : डॉक्सीसायक्लिन.

डी-१०१ डॉक्टर : तिथून निघाल्यावरही चार आठवडे रोज. विमानात बसलं की गोळी बंद करतात, तिथेच चुकतं. ही गोळी रक्तात आलेल्या परजीवीवर चालते, यकृतात दडलेला नंतर बाहेर पडतो.
परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर दवाखान्यात पहिलं वाक्य "युगांडाहून आले" हेच. नाहीतर आपल्याकडे पावसाळ्यात आधी डेंग्यूच धरतात, आणि फाल्सिपेरममध्ये (मलेरियाचा घातक प्रकार) एकेक दिवस मोलाचा असतो. स्मिअर (काचेवरची रक्ततपासणी) एकदा निगेटिव्ह आला तरी १२ ते २४ तासांनी पुन्हा, असं तीनदा.

बी-१०४ काका : पीतज्वराचं पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत, मूळ प्रत. नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

ए-२०२ वहिनी : कार्ड पासपोर्टच्या कव्हरातच आहे, आत्ताच फोटो पाठवला तिनं. गावांचं सांगते. ड्राफ्ट उघडायला बसलीय, एका फोनात अकरा निघाले.